प्रतिसाद: काळा सुतार पक्षी कुठे कुठे घरटं करतो?

दांडेलीला दिसणारा पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार फक्त सह्याद्रीतच वीण करतो का, असं वर विचारलंय. नाही हो, पसारा बराच मोठा आहे. आपल्याकडे पश्चिम घाट (दांडेली, गोव्यातलं मोले वगैरे) आणि बस्तरकडची जंगलं, पुढे म्यानमार, थायलंड, मलेशिया, जावा, फिलिपिन्स, अगदी कोरियापर्यंत. जपानच्या त्सुशिमा बेटावर हा होता. साधारण 1920 नंतर तिथून नाहीसाच झाला.

नकाशावर पसारा मोठा दिसला तरी मधे मोठमोठ्या फटी आहेत, हे विसरू नका. कावळ्याएवढा हा पक्षी, त्याच्या ढोलीला खोडही तसंच दांडगं लागतं. उभं वाळलेलं, आतून मऊ झालेलं जुनं झाड असेल तर उत्तमच. साल सोलून, लाकूड फोडून तो मुंग्या आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या काढतो. बुंध्याशी बोटभर लांबीच्या ताज्या ढलप्या पडल्या असतील तर वर जरूर बघा.

म्हणूनच ‘वाळकं झाड, तोडून टाका’ हा खाक्या मला अजिबात पटत नाही. शेजारच्या सागाच्या लागवडीत तसं खोड मिळणार कुठून? आणि दक्षिणेत वीण साधारण जानेवारी ते मेमध्ये; तेव्हा ढोलीजवळ कॅमेरे घेऊन गर्दी करू नये, एवढं बघा.