मदत हवी आहे: वालेन्सात मुक्काम करावा की थेट तुईहून चालायला लागावं?

मे महिन्यात आई आणि मी पोर्तुगीज कामिनोचा, म्हणजे पोर्तुगालमधून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्री जाणाऱ्या पायी यात्रेचा, शेवटचा टप्पा चालणार आहोत. आईने दोनदा आळंदी-पंढरपूर पायी वारी केली आहे, त्यामुळे धास्ती तिला नाही, मलाच आहे! यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी किमान 100 किलोमीटर पायी चालावं लागतं. स्पेनमधल्या तुईहून सांतियागो त्याहून थोडं जास्तच भरतं, म्हणून बरेच जण तिथूनच निघतात.

पण मला मिन्यो नदीअलीकडचा, पोर्तुगालमधला वालेन्साचा किल्ला सोडवत नाही. तटबंदीच्या आत अख्खं जुनं गाव, बुरुजांवरून पलीकडे तुईचं कॅथेड्रल, मध्ये 1886 चा लोखंडी पूल. तो ओलांडला की देश बदलतो आणि घड्याळ तासभर पुढे जातं.

कुणी तटाच्या आत राहिलंय का? दिवसा टॉवेल-चादरींच्या दुकानांत झुंबड असते म्हणे, संध्याकाळी कसं असतं? दगडी फरसबंदीवर आईच्या गुडघ्यांचं काय होईल? ती शुद्ध शाकाहारी आहे, सूपसुद्धा विचारूनच घ्यावं लागतं का? आणि किल्ला बघायला अर्धा दिवस पुरेल ना?

वारीसारखा वाटेत फुकट चहा मिळत नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.