मदत हवी आहे: सिस्टिमॅटिक रिव्ह्यू हेच आयुष्यभराचं काम म्हणून निवडता येईल का?

नमस्कार. मी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजीत एमडी करते आहे. शेवटचं वर्ष, थीसिस जमा झाला, परीक्षा तोंडावर, मग वर्षभराचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. त्यापुढे काय, हा विषय घरी रोज निघतो. या क्षेत्रातलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

मला एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिनमध्ये काम करायचं आहे, त्यातही सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: एखाद्या उपचारावर जगभर झालेल्या सगळ्या चाचण्या आधी ठरवलेल्या नियमांनी शोधायच्या, प्रत्येकीचा दर्जा तपासायचा आणि जमेल तिथे आकडे एकत्र करून (याला मेटा-ॲनालिसिस म्हणतात) उत्तर काढायचं. सोयीच्या चार चाचण्या उचलून लेख लिहिणं म्हणजे रिव्ह्यू नव्हे.

ही ओढ कशातून लागली तेही सांगते. असे रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बोधचिन्हात आडव्या रेघा आहेत. त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे एक खरी चाचणी: दिवस भरण्याआधी बाळंत होऊ घातलेल्या आईला स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं तर बाळ वाचतं का? न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी पहिली चाचणी 1972 साली प्रसिद्ध केली. नंतर आणखी चाचण्या झाल्या, पण त्या एकत्र मांडणारा रिव्ह्यू यायला 1989 उजाडलं. उत्तर समोर होतं, ते कुणी गोळा केलं नव्हतं. मधल्या वर्षांत बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना या इंजेक्शनचा उपयोग किती मोठा आहे हे कळलंच नाही, आणि तेवढ्या काळात किती बाळं गेली असतील या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 2014 मध्ये आपल्याकडे एएनएमनेही (गावपातळीवरची परिचारिका) या इंजेक्शनचा पहिला डोस द्यावा अशा केंद्राच्या सूचना आल्या. 2015 मध्ये ॲक्ट ही चाचणी प्रसिद्ध झाली. सहा देश होते आणि त्यात आपलं नागपूर आणि बेळगाव. गावपातळीपर्यंत स्टेरॉईडचा वापर वाढवला, तरी अगदी कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू नेहमीची सेवा असलेल्या भागांत हजारी 23.9 होते, ते स्टेरॉईडचा वापर वाढवलेल्या भागांत 27.4 निघाले. मग 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची ॲक्शन चाचणी आली. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, गर्भाचं वय नीट ठरवून डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड दिलं. प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) गटात 23.5 टक्के बाळं दगावली, औषधाच्या गटात 19.6 टक्के.

म्हणजे उपचार तोच, पण कुठे दिला, कुणाला दिला आणि आई किती आठवड्यांची आहे याची खात्री किती होती, यावर उत्तर फिरलं. हे बारकाईने तपासणारं माणूस आपल्या ग्रामीण रुग्णालयांची ओळख असलेलं हवं असं मला मनापासून वाटतं.

अडचणी अशा. भारतात हे पूर्णवेळ करता येतं का, पगार कोण देतं, कळत नाही. आई-बाबांना वाटतं की रुग्ण न तपासणारा डॉक्टर अर्धाच डॉक्टर. आणि एका वरिष्ठांनी सुचवलं आहे की महिन्याभरात एक मेटा-ॲनालिसिस उरकू, नावं सगळ्यांची घालू. नाही म्हणायचं आहे, पण कसं म्हणू?

प्रतिसाद – कृष्णाकाठ

धागा आवडला. मी पीएसएममध्ये (सामुदायिक वैद्यकशास्त्र) शिकवतो आणि बरीच वर्षं रिव्ह्यू करतो आहे.

आधी पोटापाण्याचं. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत या कामासाठी वेगळं पद नसतं. पद असिस्टंट प्रोफेसरचं, रिव्ह्यू त्याच्या जोडीने. माझंही तसंच चालतं. पूर्णवेळाच्या जवळ जाणाऱ्या जागा मोजक्या आहेत. वेल्लोरच्या सीएमसी या मेडिकल कॉलेजातून कॉक्रेनचं दक्षिण आशियातलं काम चाललं आहे. उपचार आणि उपकरणं सरकारने घ्यावीत का हे तपासणाऱ्या एचटीएइन या यंत्रणेची केंद्रं आहेत, त्यातलं एक मुंबईत आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) परळच्या संस्थेत. तिथल्या जागा बहुधा प्रकल्पावरच्या, कंत्राटी. परदेशातही सगळं स्थिर नाही. ब्रिटनमधल्या कॉक्रेन गटांचा सरकारी निधी मार्च 2023 मध्ये थांबला आणि अनुभवी माणसांना दुसरं काम शोधावं लागलं. तेव्हा हातात कायम नोकरी ठेवा असं स्पष्ट सांगेन.

आता ते महिन्याभराचं मेटा-ॲनालिसिस. प्रॉस्पेरो ही रिव्ह्यूंचे आराखडे (प्रोटोकॉल) आधीच नोंदवण्याची जागतिक नोंदवही. तिथे नोंदवलेल्या रिव्ह्यूंचा 2017 मध्ये अभ्यास झाला होता. नोंदणीपासून प्रसिद्धीपर्यंत सरासरी 67 आठवडे लागलेले दिसले. महिन्यात होतं ते काय असतं, ते यावरून समजावं. पदोन्नतीच्या नियमांत सिस्टिमॅटिक रिव्ह्यू धरला जातो म्हणून ही घाई वाढली आहे. निरुपयोगी आणि एकमेकांची नक्कल करणाऱ्या रिव्ह्यूंची लाट आली आहे असं संशोधनपद्धतीचे अभ्यासक आयोनिडिस यांनी 2016 मध्येच लिहिलं होतं.

वरिष्ठांना थेट नकार देऊ नका. म्हणा, "सर, आधी प्रोटोकॉल लिहून प्रॉस्पेरोवर नोंदवू या, आणि चाचण्यांची निवड दोघांनी एकमेकांचं न बघता करू या." प्रोटोकॉल लिहायला बसलं की कुणाला खरंच काम करायचं आहे ते आपोआप दिसतं.

प्रतिसाद – ग्रंथालयातून

मी एका मेडिकल कॉलेजात ग्रंथपाल आहे. कृष्णाकाठ यांना +१, आणि एक भर. पीजीचे विद्यार्थी माझ्याकडे येतात ते शोध संपल्यावर, "मॅडम, फक्त संख्या बघून द्या" म्हणत. तुम्ही प्रश्न ठरला की लगेच या.

शोध हाच रिव्ह्यूचा पाया. तुमच्या विषयात नुसतं पबमेड (वैद्यकीय लेखांचा मोफत संग्रह) पुरणार नाही. एम्बेस हा दुसरा संग्रह लागेल, तो महाग आहे, तुमच्या कॉलेजात नसेल तर ज्या संस्थेत आहे तिथला सहलेखक घ्या. कॉक्रेनचा सेंट्रल हा चाचण्यांचा संग्रह आहेच. कॉक्रेन लायब्ररीसाठी आयसीएमआरने 2007 मध्ये राष्ट्रीय परवाना घेतला, पण कित्येक विभागांत हे माहीतच नसतं याचं फार वाईट वाटतं. आणि सीटीआरआय विसरू नका. आपल्या देशातल्या चाचण्यांची नोंद तिथे असते. नोंद झाली पण निकाल कुठेच छापला नाही अशी चाचणी सापडली तर संशोधकांना पत्र लिहा. उत्तर येतंच असं नाही, तरी पत्र लिहिल्याची नोंद रिव्ह्यूत द्यायची.

प्रतिसाद – मुळा-मुठा

पुण्यात एका खासगी कंपनीत हेच काम करते, औषध कंपन्यांसाठी. पगार नियमित, शिकायला भरपूर मिळतं, शोधापासून नेटवर्क मेटा-ॲनालिसिसपर्यंत (अनेक उपचारांची एकत्र तुलना). पण प्रश्न गिऱ्हाईक ठरवतं आणि बरंचसं काम कधीच प्रसिद्ध होत नाही. तुमचं पहिलं पोस्ट वाचून वाटतं की तुम्हाला स्वतःचे प्रश्न आहेत. दोन वर्षं शिकायला या, कायमचं मात्र विचार करून.

प्रतिसाद – मांडवीकाठी

गोव्यात बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या आई-बाबांच्या मुद्द्यावर लिहितो, कारण तो मला महत्त्वाचा वाटतो.

ऑसेल्टामिविर या फ्लूच्या औषधाचा कॉक्रेन रिव्ह्यू होता. 2009 मध्ये हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञाने त्यावर प्रश्न पाठवला: ज्या एका लेखाच्या आधारे तुम्ही गंभीर गुंतागुंत टळते म्हणता, त्यात दहा चाचण्या आहेत आणि त्यातल्या आठ पूर्ण स्वरूपात कुठेच प्रसिद्ध नाहीत, मग तुम्ही त्या तपासल्या कशा? रिव्ह्यू करणाऱ्या जेफरसन यांच्या गटाने तो प्रश्न गंभीरपणे घेतला. कंपनीकडून संपूर्ण अहवाल मिळवायला वर्षं गेली. 2014 मध्ये नवा रिव्ह्यू आला: मोठ्यांमध्ये लक्षणं साधारण अर्ध्या दिवसाने लवकर कमी होतात, रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण कमी झाल्याचं दिसत नाही. तोवर अनेक सरकारांनी या औषधाचे साठे करून ठेवले होते. तो प्रश्न ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरला पडला होता. तुमच्या घरी हे जरूर सांगा.

दुसरं आमच्याकडचं. मे 2021 मध्ये इथे अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडसाठी आयव्हरमेक्टिन हे औषध देण्याची घोषणा झाली. तेव्हा काही मेटा-ॲनालिसिस त्या औषधाच्या बाजूने होते. त्यांना वजन आणणारा इजिप्तमधला एक अभ्यास जुलैमध्ये मागे घेतला गेला, त्यातल्या आकड्यांवर गंभीर शंका निघाल्या म्हणून. पालक मला रोज विचारत होते आणि मी उत्तरासाठी चांगल्या रिव्ह्यूकडे डोळे लावून बसलो होतो. चाचणी छापली म्हणजे ती घडली असं धरून चालू नका. संशय आला तर कच्चा डेटा मागा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हायाशींची गोष्ट काल रात्री बाबांना सांगितली, त्यांनी दोनदा विचारून घेतली. वरिष्ठांना प्रोटोकॉलचं बोलले. ते म्हणाले, "बघू." सध्या एवढं पुरे.

बॉण्ड बहुतेक ग्रामीण भागात मिळेल, नंतर असिस्टंट प्रोफेसरची जागा बघायची असं ठरवते आहे. रिव्ह्यूसाठी प्रश्न असा घेऊ का: मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत प्रसूतीपूर्व स्टेरॉईडचा नवजात मृत्यूंवर परिणाम?

प्रतिसाद – कृष्णाकाठ

फार रुंद आहे, आणि यावर आधीच काम झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशी आधी वाचा. स्टेरॉईड कोणत्या अटींवर द्यावं ते त्यात आहे: गर्भाचं वय नीट ठरवता यावं, आईला संसर्ग नसावा, बाळाची काळजी घ्यायची सोय असावी. तुमचा मुद्दा पहिल्या अटीत आहे. प्रत्येक चाचणीत वय कशावरून ठरवलं, सोनोग्राफीवरून, पाळीच्या तारखेवरून की पोटाच्या उंचीवरून, आणि त्यानुसार परिणाम बदलतो का, एवढंच विचारा. चाचण्या थोड्या निघाल्या तर आकडे एकत्र करू नका, तक्ता मांडा. ग्रेड या पुराव्याचा दर्जा ठरवण्याच्या पद्धतीनुसार खात्री "अतिशय कमी" आली तरी तसंच लिहा. आणि प्रॉस्पेरोवर आज रात्रीच शोधा, कुणी हेच करत असेल तर त्यांना लिहून सहभागी व्हा.

धागाकर्ती

शोधलं. अगदी याच प्रश्नावर नोंदणी दिसली नाही. प्रोटोकॉलचा मसुदा परीक्षेनंतर लिहायला घेते. ग्रंथपाल मॅडम, शोधासाठी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. चाचण्यांच्या निवडीसाठी दुसरी व्यक्ती हवी आहे, शक्यतो प्रसूतिशास्त्र किंवा बालरोग विभागातली, जिने तालुक्याच्या ठिकाणी काम केलेलं आहे. लेखकांत नाव असेल, काम निम्मं निम्मं, पैसे नाहीत. कुणी तयार असेल तर इथेच लिहा.