शेजारच्या मुलाला मार बसतो. कळवावे की गप्प राहावे?

प्रश्न (सिडको, नाशिक)
आमच्या इमारतीतील आठ वर्षांच्या मुलाला त्याचे वडील पट्ट्याने मारतात आणि आई-वडील अंबडला कामावर गेले की तो दिवसभर कुलपात असतो. तक्रार केली तर त्याला बालगृहात टाकतील आणि त्याचे आणखी हाल होतील, या भीतीने मी महिनाभर गप्प आहे. कायदा नेमके काय करतो?

उत्तर (वकील, पंचवटी)
ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच मारहाण केली किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, आणि त्यातून मुलाला शारीरिक वा मानसिक यातना होण्याची शक्यता असेल, तर बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 75 लागू होते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मात्र तुमच्या भीतीचे उत्तर या कलमात नसून, अशा मुलांना कुठे ठेवायचे हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीच्या कामात आहे. मुलाला ताब्यात घेतलेच, तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला समितीपुढे आणावे लागते. समिती घरची चौकशी करवते, मुलाचे म्हणणे ऐकते आणि देखरेखीच्या अटीवर त्याला पालकांकडेच परत पाठवू शकते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असल्याचे कायद्याच्या तत्त्वांतच लिहिले आहे. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो.

उत्तर (शिक्षिका, दिंडोरी)
कुलपाबाबत घाई नको. द्राक्षांच्या हंगामात आमच्याकडे कित्येक मजूर मुलांना खोपटात ठेवून मळ्यावर जातात, कारण पाळणाघर नसते. कायद्याला अपेक्षित असलेली हेतुपुरस्सर हेळसांड ती नव्हे. पट्ट्याला मात्र गरिबीचे कारण चालणार नाही.

उत्तर (वकील, पंचवटी)
मान्य. एक भर घालतो : लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर कळवावे की नाही हा प्रश्नच उरत नाही, कारण पोक्सो कायदा, 2012 नुसार माहिती देणे बंधनकारक आहे आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. त्यात मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी, गणवेशात नसलेल्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. आणि कृपया इमारतीचे नाव वा मुलाची शाळा इथे लिहू नका; ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे.

प्रश्नकर्ती
आज सायंकाळी 1098 वर बोलले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, की मूल या क्षणी सुरक्षित आहे का.