खुणांचा ग्लॉस देवनागरीत कसा लिहावा?

प्रश्न : विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

नमस्कार. मी भाषाविज्ञानात एम.ए. करीत असून, कर्णबधिरांच्या गप्पा मराठीत आणताना काय निसटते आणि भाषांतरकार पदरचे काय घालतो, हा माझ्या प्रबंधिकेचा विषय आहे. त्यासाठी इथल्या काही कर्णबधिर मित्रमंडळींच्या रविवारच्या भेटीत, त्यांच्या संमतीने, ४० मिनिटांचे चित्रीकरण केले आहे.

इंग्रजीत खुणेचा ग्लॉस, म्हणजे त्या खुणेसाठी नाव म्हणून लिहायचा शब्द, कॅपिटल अक्षरांत लिहितात. देवनागरीत ती सोय नाही, पण माझी खरी अडचण वेगळी आहे. जाण्याच्या एकाच खुणेसाठी मी 'गेला', 'गेली' किंवा 'जातो' यांपैकी काहीही लिहिले, तरी खुणेत नसलेले लिंग आणि काळ त्यात येतात.

एक उदाहरण देते. एका तरुणाने निमाणीच्या बसथांब्यावरचा प्रसंग सांगितला. आधी त्याने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवले, मग डावा तळहात बससारखा आडवा धरला आणि उजवी तर्जनी उभी करून लगबगीने त्याच्याकडे नेली. ती पोहोचण्याआधीच डावा हात पुढे सरकला, तर्जनी जागच्या जागी थांबली आणि त्याची नजर त्या सरकत्या हातामागे हळूहळू वळत गेली. मी 'मी – बस – चुकणे' असा ग्लॉस आणि 'मी धावत गेलो, तोवर बस सुटली' असे भाषांतर लिहिले. मार्गदर्शकांना ते फार उणे वाटते, आणि मलाही वाटते. काय करावे?

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, कॉलेज रोड

आपण ग्लॉसकडूनच भाषांतराची अपेक्षा करीत आहात, तिथे गाठ बसली आहे. ऑस्ट्रेलियन सांकेतिक भाषेचा संग्रह करताना ट्रेव्हर जॉन्स्टन यांनी जी पद्धत रूढ केली, तिच्यात प्रत्येक खुणेला एकच ठरलेले नाव असते आणि संदर्भानुसार अर्थ बदलला तरी ते नाव बदलत नाही, म्हणजे पुढे संगणकावर ती खूण सगळीकडे शोधता येते. मराठीत त्यासाठी 'जाणे', 'देणे', 'विचारणे' अशी णे-कारान्त रूपे घ्यावीत. त्यांना ना लिंग चिकटते, ना काळ, ना पुरुष. कॅपिटल अक्षरांची उणीव ठळक टायपाने भागते. मात्र तळहात आणि तर्जनीची आपली खूण अशा एका नावात मावणारी नाही. तिथे कोणता हात कशाच्या जागी आहे आणि तो कसा सरकला, हे वर्णनानेच नोंदवावे.

नोंदीसाठी नेदरलँड्समधील नायमेखन येथील माक्स प्लांक संस्थेचे 'एलान' हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. त्यात उजवा हात, डावा हात, नजर, भुवया, मान यांचे स्वतंत्र थर एकाच कालरेषेवर ठेवता येतात. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन खुणांचे हाताचा आकार, जागा आणि हालचाल असे घटक पाडून दाखवले, तेव्हापासून या भाषांना स्वतःची रचना आहे हे अभ्यासकांना मान्य करावे लागले. पण चेहऱ्याची दखल पुरेशी घेतली जायला पुढे बराच काळ गेला. ती चूक आपण पुन्हा करू नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २ : दुभाषी, पंचवटी

ताई, माझे आई-वडील दोघेही कर्णबधिर आहेत, त्यामुळे मराठीआधी मी खुणा शिकलो. आपल्या तरुणाची नजर बसमागे वळली, तिचे मराठी आपल्याकडे तयारच आहे : 'डोळ्यांदेखत बस निघून गेली'. तो शब्द त्याने हाताने उच्चारला नाही, नजरेने उच्चारला.

आमच्या खुणांच्या भाषेत हो-नाहीचा प्रश्न बहुधा भुवया आणि डोक्याच्या ठेवणीनेच कळतो आणि नकार कधी कधी केवळ मानेने येतो. एकदा एका दवाखान्यात आईने पोटदुखीची खूण करीत मान हलवली, म्हणजे पोट दुखत नाही असे सांगितले. समोरच्या व्यक्तीने फक्त हात पाहिले आणि कागदावर पोटदुखी लिहून घेतली. मी शेजारी होतो म्हणून ते खोडले गेले. तेव्हा आपल्या चित्रीकरणात खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीमागे असेल आणि चेहरे काळवंडले असतील, तर ती मिनिटे भाषांतराला घेऊ नका.

खांद्यांकडेही नीट पाहा. दुसऱ्याचे बोलणे सांगताना आम्ही अंग किंचित वळवतो आणि त्या व्यक्तीच्या जागी उभे राहतो. त्या क्षणी छातीकडे दाखवलेले बोट सांगणाऱ्याचे नसते.

संमतीबद्दल थोडे. चेहरा धूसर केला तर व्याकरणच पुसले जाते, आणि धूसर न करावा तर माणूस ओळखू येतो. म्हणून चित्रफीत कोण पाहणार, ती वर्गात दाखवणार का, हे प्रत्येकाला खुणांमधूनच समजावून सांगा; छापील मराठी अर्जावर घेतलेली सही पुरेशी मानू नका.

उत्तर ३ : कर्णबधिर मुलांची शिक्षिका, सिडको

नावे ठरवताना दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश जवळ असू द्यावा. फेब्रुवारी २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात १०,००० शब्द झाले. पण नाशिकची एखादी खूण कोशाहून वेगळी दिसली, तर ती चुकीची समजून दुरुस्त करू नका. आहे तशी नोंदवा. आणि तो तरुण आपल्या शहरातच असताना, भाषांतर त्याला दाखवल्याशिवाय का पाठवावे?

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल त्या तरुणासोबत ती चित्रफीत संथ गतीने पाहिली. छातीकडे बोट जाण्याच्या क्षणभर आधी त्याचा डावा खांदा मागे गेला होता, आणि ते माझ्या नोंदीत कुठेच नव्हते. बस त्याची चुकलीच नव्हती; तो बहिणीचा प्रसंग तिच्याच शब्दांत सांगत होता. आता वाक्य असे आहे : 'ताई म्हणाली, मी धावत गेले, पण डोळ्यांदेखत बस निघून गेली.' ते लिहून दाखवले, तेव्हा त्याने 'गेले' या शब्दावर बोट ठेवून मान डोलावली. उरलेल्या चित्रीकरणात जिथे जिथे मी 'मी' लिहिले आहे, ती प्रत्येक जागा आता त्याच्यासोबत पुन्हा तपासणार आहे.