सकाळी डिस्प्ले येत नाही, एकदा चालू झाला की दिवसभर ठीक. मदरबोर्ड गेला का?

निळी_वायर
जुना डेस्कटॉप आहे. एलजीए ७७५ सॉकेटचा बोर्ड, कोअर २ ड्युओ, डीडीआर२ रॅमच्या २ जीबीच्या दोन पट्ट्या. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी आणि बीपही नाही. बंद-चालू करत राहिलं की कधीतरी येतो, मग रात्रीपर्यंत काही तक्रार नाही. थंडीत जास्त छळतो. रॅमचे कॉन्टॅक्ट खोडरबरने पुसले, सीआर२०३२ सेल नवा टाकला, फरक नाही. दुकानात बोर्ड बदला म्हणतात. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर याच मशीनवर चालतं, म्हणून ते टिकवायचंय. आधी काय तपासू?

जुना_कॅबिनेट
बोर्ड इतक्यात भंगारात काढू नका. गार असताना अडणं आणि तापल्यावर चालणं हे सुकत चाललेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (बोर्डावरचे छोटे उभे डबे, व्होल्टेज स्थिर ठेवणारे) लक्षण आहे. आतला द्रव वाळला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. थंडीत आणखी वाढतो. मग प्रोसेसरला जाणारा व्होल्टेज स्थिर राहत नाही आणि बायॉस, म्हणजे मशीन उठवणारा बोर्डावरचा प्रोग्राम, सुरूच होत नाही. तुम्ही बंद-चालू करता तेवढ्यात ते कोमट होतात, रोध उतरतो, मशीन उठतं.

आता दोष बोर्डावर की एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), एवढं शोधायचं. प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर टॉर्चने पाहा. माथा सपाट हवा. फुगलेला असेल किंवा तपकिरी डाग असेल तर तो गेला. मात्र सपाट आहे म्हणून चांगलाच, असं धरू नका.

मल्टिमीटर_हाती
मी आधी एसएमपीएस तपासेन. हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवून पाहण्यात अर्थ नाही, लोड नसताना खराब एसएमपीएसही फिरतो. २४ पिनचा प्लग बोर्डात ठेवूनच मागच्या बाजूने मल्टिमीटरचा लाल प्रोब घाला, काळा प्रोब काळ्या वायरवर. सकाळी, मशीन थंड असतानाच मोजा (आकडे व्होल्टमध्ये):

जांभळी (बटण न दाबताही): ४.७५ ते ५.२५
पिवळी: ११.४ ते १२.६
लाल: ४.७५ ते ५.२५
नारिंगी: ३.१४ ते ३.४७
करडी: चालू झाल्यावर ५ च्या आसपास

करडी वायर शून्यावरच राहिली तर एसएमपीएस स्वतःच 'तयार नाही' म्हणतोय. प्रोसेसरजवळच्या ४ पिनच्या प्लगवरची पिवळीही मोजा, ती लोक विसरतात.

एसएमपीएस उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

निळी_वायर
जांभळी ५.०४, पिवळी दोन्हीकडे ११.९, लाल ५.०८, नारिंगी ३.३१, करडी ४.९. प्रोसेसरशेजारचे दोन कपॅसिटर किंचित फुगलेत. त्यांवर ६.३ व्होल्ट १५०० मायक्रोफॅरड लिहिलंय.

जुना_कॅबिनेट
मग बोर्डच. खात्रीसाठी थंड मशीनवर, बंद असताना, हेअर ड्रायरची कोमट हवा वीतभर अंतरावरून दोन मिनिटं त्या भागावर सोडा. पहिल्याच झटक्यात डिस्प्ले आला तर निदान पक्कं.

त्या रांगेतले सगळेच बदला, दोनच नको; बाकीचे त्याच वयाचे आहेत. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. १० व्होल्टचा चालतो, पण जाडी मोजून घ्या, ८ मिमीच्या जागी १० मिमीचा बसत नाही. दुकानात '१०५ डिग्री, लो ईएसआर' असं स्पष्ट मागा. साधा कपॅसिटर तिथल्या रिपलने, म्हणजे व्होल्टेजच्या जलद चढउताराने, तापतो आणि पुन्हा फुगतो.

सोल्डर_आणि_फ्लक्स
काढण्याआधी फोटो घ्या. कपॅसिटरवरची पट्टी म्हणजे ऋण टोक, पण बोर्डावरची पांढरी खूण प्रत्येक कंपनीत सारखी नसते. उलटा बसवला तर तो फुटतो.

२५ वॅटचं आयर्न इथे पुरत नाही, बोर्डातला ग्राउंडचा (ऋण बाजूचा) तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो. ६० वॅटचं घ्या. जुन्या टाक्यावर आधी नवं सोल्डर लावा, मग एकेक पाय आळीपाळीने तापवत कपॅसिटर हळूच डोलवत काढा. ओढलात तर भोकातलं तांबं उपटून येतं आणि तो बोर्ड खरोखरच गेला. हात बसलेला नसेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे द्या.

आणि काम सुरू करण्याआधी हार्ड डिस्कवरच्या हिशेबाची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.