पुढच्या दातांमधली फट: बाँडिंग की तारा?

सातारकरीण: वरच्या पुढच्या दोन दातांत लहानपणापासून दोन मिलिमीटर फट आहे. आजी म्हणायची, फटवाली पोर नशीबवान. पण 'स' म्हणताना शिट्टी वाजते, आणि मी तिसरीला शिकवते. मुलं तसंच म्हणायला लागलीत, ते मनाला फार लागतं. डॉक्टर कॉम्पोझिट बाँडिंग, म्हणजे दाताच्या रंगाचा थर चढवून फट भरणं, सुचवतात. दात तासावे लागतात का?

कोथरूडची ताई: अगं, माझा तासला नाही. भूलही नाही. रंग जुळवून थर चढवला, निळ्या लाइटखाली कडक केला, तासाभरात घरी! चहाने कडा पिवळट होतात, म्हणून वर्षाकाठी पॉलिश करते. मक्याचं कणीस मात्र आता दाणे सोलूनच खाते.

निवृत्त दंतवैद्य: सातारकर ताई, आधी फटीचं कारण शोधा. आरशात ओठ वर उचला. ओठ आणि हिरडी जोडणारी आतली जाड पट्टी थेट दोन दातांमध्ये उतरते का? तसं असेल, तर तारांनी मिटवलेली फट पुन्हा उघडू शकते, रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं साधन) लागतोच. फट अलीकडे रुंदावली असेल, तर आधी हिरड्या तपासा.

सातारकरीण: आत्ताच पाहिलं, पट्टी आहे! गुरुवारी डॉक्टरांना दाखवते.