वस्तरा पट्ट्यावर फिरवला की धार उलट कमी लागते. पट्टा चुकतोय की धार लावायच्या दगडाची वेळ आली?

नवा_हात:
नमस्कार मंडळी. काही आठवड्यांपासून घडीच्या वस्तऱ्याने दाढी करतोय. बदलत्या ब्लेडचा नाही, अखंड पोलादी पात्याचा. पातं ५/८ इंच रुंद, दोन्ही बाजूंनी चांगलंच खोलगट घासलेलं. आला तेव्हा तयार धार लावलेलाच होता आणि गालावरून असा सरकायचा की केस कापल्याचा बारीक आवाज तेवढा यायचा. हल्ली हनुवटीवर आणि ओठाखाली केस ओढला जातो.

पट्टा दोन इंच रुंद आहे, एक बाजू कापडी, एक चामड्याची. दाढीआधी रोज फिरवतो. पण चामड्यावर फिरवल्यानंतर धार आधीपेक्षा मंद लागते, हे काही कळत नाही. हात हलका ठेवतो, वेगही कमीच. पालटताना पातं चामड्यावर टेकतं तेव्हा 'टक' असा आवाज येतो, तेवढा सोडला तर काही वावगं दिसत नाही. आता दगड घ्यावा का? की चामड्याला ती हिरवी पेस्ट लावून बघू? मला हे काम मनापासून आवडलंय आणि मुळापासून नीट शिकायचंय.

पोलादी:
दगड आणि पेस्ट दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. तो 'टक' आवाज आधी घालवा.

आवाज येतो म्हणजे पालटताना तुम्ही अख्खं पातं उचलताय आणि खाली ठेवताना धार चामड्यावर आपटतेय. धारेचं टोक इतकं पातळ असतं की तेवढ्यानेही ते वळतं. वस्तऱ्याची पाठ जाड ठेवलेली असते ती यासाठीच. पाठ आणि धार एकाच वेळी टेकली की कोन आपोआप ठरतो, साधारण १६-१७ अंशांचा. तो तुम्ही हाताने ठरवायचा नाही. म्हणून पाठ चामड्यावरून कधीच उचलायची नाही, पालटतानासुद्धा नाही.

पातं आणि मूठ यांच्यामधली दांडी अंगठा आणि तर्जनीत धरा. पाठ पुढे, धार मागे, असं पट्ट्याच्या टोकापर्यंत न्या. तिथे पूर्ण थांबा. मग मनगट न वळवता, फक्त बोटांत दांडी फिरवून पातं पाठीवरच लोळवा. धार वरून पलीकडे जाईल आणि अलगद टेकेल. ती टेकली की मगच परत ओढा. लोळवणं पुरं व्हायच्या आत हात परत फिरला तर धार पुढे येते आणि चामडं चिरलं जातं. नवीन पट्ट्यांवर टोकाजवळ चिरा दिसतात त्या याच क्षणी पडलेल्या असतात. सुरुवातीला जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी घेऊन एवढं एकच वळण घोटा. वेग नंतर आपसूक येतो, आणि नाही आला तरी दाढीचं काही अडत नाही.

दुसरं, पट्टा ताणून धरता ना? सैल पट्टा मध्ये झोळ धरतो, चामडं धारेभोवती वळतं आणि टोक गोल होतं. हात हलका आहे म्हणता, पण पट्टा ढिला असेल तर हलका हातही पुरत नाही. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाइतका दाब बस.

तिसरं, पातं जवळपास तीन इंच लांब आणि पट्टा दोन इंच. सरळ ओढलंत तर एक टोक कोरडंच राहतं. मुठीकडच्या बाजूने सुरू करा आणि जाता जाता तिरकं सरकत पुढच्या टोकावर संपवा. येताना तसंच. कापडावर २०-३० फेऱ्या, मग चामड्यावर ४०-६०. जाऊन येऊन एक फेरी धरा.

हिरवी पेस्ट म्हणजे क्रोमियम ऑक्साइड. रोजच्या चामड्याला ती लावू नका, एकदा मुरली की निघत नाही. लावायचीच तर वेगळ्या सपाट फळीवर, आणि तीही क्वचित, मोजक्या फेऱ्यांपुरती. जास्त वापराने धार गोलावते.

सावकाश:
पोलादींशी सहमत. फक्त दगड टाळत राहू नका, कारण पट्टा धार सरळ करतो, साफ करतो, पण उडालेला टवका भरून काढत नाही. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात ब्लेडवरचा अभ्यास छापला होता. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी तो वाकून तिरका आदळला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्गत ठेवण असमान असली की धारेचा बारीक टवका उडतो.

एक तपासणी करा. धार वर करून दिव्याखाली धरा आणि हळूहळू कलवा. चांगली धार दिसतच नाही, तिथे फक्त काळी रेघ असते. जिथे ठिपका चमकेल तिथे धार मोडलेली किंवा बसलेली आहे. असे ठिपके दिसले तर दगड. पण एकदम १००० चा नको (आकडा दगडाच्या दाण्याचा, जितका मोठा तितका दगड बारीक), तो कोन नव्याने पाडायला लागतो. ८००० आणि मग १२००० पुरे होतो. दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचं, पट्ट्याच्या बरोबर उलट. आधी दगड सपाट करून घ्या: पेन्सिलीने चौकटी आखा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत सपाट घासपट्टीवर घासा. पाठीवर चिकटपट्टीचा एक थर लावलात तर पाठ झिजत नाही.

पोलादी:
चिकटपट्टीबद्दल माझं मत वेगळं आहे. पाठ आणि धार बरोबरीने झिजली तरच कोन कायम राहतो. एकदा पट्टी लावलीत की कोन किंचित वाढतो आणि पुढच्या वेळीही ती लावणं भाग पडतं. मढवलेली किंवा नक्षीची पाठ असेल तर जरूर लावा, एरवी मी लावत नाही.

नवा_हात:
दिव्याखाली पाहिलं. ठिपका कुठेच नाही, पण पुढच्या टोकाकडे काळी रेघ जरा अस्पष्ट वाटते. त्या बाजूला पट्टा पोचतच नसावा. दाढीनंतर मी पातं टॉवेलने पुसून घडी करून बेसिनजवळच्या कपाटात ठेवतो, ते चालेल ना?

सावकाश:
बेसिनजवळ नको. वाफ घडीत अडकते आणि गंज नेमका धारेवर धरतो. पाठीकडून धारेकडे पुसा, धारेच्या लांबीने कधीच नाही. मग कापडी बाजूवर थोड्या फेऱ्या मारा म्हणजे उरलेली ओल जाईल, आणि तासभर उघडाच राहू द्या. रोज वापरणार असाल तर तेल लागत नाही. काही दिवस ठेवून देणार असाल तर मिनरल ऑइलचा अगदी पातळ हात फिरवा, आणि दाढीआधी ते पुसून मगच चामड्यावर घ्या.